नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या काही वर्षांत आपल्या कानांवर काही नवे शब्द पडू लागले आहेत. न्यूरोडायव्हर्जंट, मास्किंग, स्टिमिंग, मेल्टडाऊन, शटडाऊन, एक्झिक्युटिव्ह डिस्फंक्शन. परदेशातली लेक फोनवर बोलता बोलता एखादा शब्द टाकून जाते. कॉलेजातली नात म्हणते, "आजी, आज माझा शटडाऊन झालाय," आणि आजीला वाटतं, हिचा कॉम्प्युटर बंद पडला असेल. अर्थ विचारावा तर आपण अडाणी ठरू ही भीती, आणि न विचारावा तर घरातल्याच माणसाचं बोलणं कळत नाही.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची प्राध्यापकही नाही. बी.ए. झाले आणि पुढं कविता लिहीत राहिले. त्यामुळे या विषयाकडे मी आले ती शब्दांच्या वाटेनं. आपल्या मराठीत एक गंमत आहे. बारशाला आपण मुलीचं नाव ठेवतो. त्याच शब्दावर एक अनुस्वार चढला की 'नावं ठेवणं' होतं. नाव ठेवलं की माणूस ओळखीचा होतो; नावं ठेवली की तो परका होतो. आज ज्या शब्दांबद्दल बोलायचं आहे, त्यांची सगळी कथा या एका अनुस्वारात आहे, असं मला वाटतं.

ही कथा मी अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या ज्या स्त्रिया गोऱ्या नाहीत, त्यांच्या अंगानं सांगणार आहे. तिकडे त्यांना 'विमेन ऑफ कलर' म्हणतात. त्यांत आपल्याही हजारो लेकीसुना आहेत. आणि शब्द कसा घडतो, कुणाला सामावून घेतो आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे त्यांच्या अनुभवातून फार स्वच्छ दिसतं.

आधी हा 'विमेन ऑफ कलर' काय प्रकार आहे ते पाहू. शब्दशः मराठी केलं तर 'रंगाच्या बायका' असं काहीतरी विनोदी होईल. अमेरिकेत पूर्वी 'कलर्ड' या शब्दाच्या पाट्या असत. काळ्या माणसांचा रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. 'विमेन ऑफ कलर' हा शब्द त्याच घराण्यातला वाटतो, पण त्याचा जन्म निराळा. लोरेटा रॉस या ज्येष्ठ कार्यकर्तीनं त्याची हकिकत सांगितली आहे. १९७७ साली ह्यूस्टन शहरात राष्ट्रीय महिला परिषद भरली. काळ्या स्त्रियांनी आपल्या मागण्यांचा मसुदा तिथं नेला होता. आशियाई, लॅटिन अमेरिकी, मूळनिवासी अशा इतर स्त्रिया म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. आता मसुद्याला नुसतं 'काळ्या स्त्रियांचा' म्हणून चालेना. त्या बोलाचालीतून हा शब्द पुढे आला. रॉसबाई म्हणतात, हा शब्द जन्मानं मिळत नाही. एकमेकींना साथ द्यायची असं ठरवून तो घ्यायचा असतो. मी कामापुरतं त्याला 'गोरेतर स्त्रिया' म्हणेन. आपल्या गावची मुलगी इथं असते तोवर ती सोलापूरची असते, मराठी असते, मुसलमान, मराठा, बौद्ध, ब्राह्मण अशी कुणीतरी असते. न्यू यॉर्कच्या विमानतळावर उतरली की तिला पहिल्यांदा कळतं, आपण 'ब्राउन' आहोत.

आता दुसरा शब्द, न्यूरोडायव्हर्सिटी. म्हणजे मेंदूंची विविधता. माणसांचे मेंदू एका साच्यातून काढलेले नसतात. कुणाला आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्रतेनं जाणवतात, कुणाला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा वस्तूंची रचना आधी दिसते. याच्या एका ठळक प्रकाराला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. कुणाचं लक्ष एका जागी ठरत नाही, किंवा एकदा ठरलं की तिथून हलत नाही. तो एडीएचडी. कुणाला अक्षरं ओळखीची होत नाहीत. तो डिस्लेक्सिया. हे वेगळेपण माणसांच्या जातीत असणारच, त्याला फक्त बिघाड म्हणून पाहू नका, हा या शब्दामागचा विचार. त्याचं श्रेय बराच काळ ऑस्ट्रेलियाच्या जुडी सिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या १९९८ सालच्या प्रबंधाला दिलं जाई. २०२४ साली काही संशोधकांनी दाखवून दिलं की हा विचार स्वमग्न माणसांच्या आपसांतल्या चर्चेतून त्याआधीच आकाराला येत होता. म्हणजे तो अनेकांचा आहे.

'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द त्याहून थोडा वेगळा. बाग विविध फुलांची असते, एकट्या मोगऱ्याला विविध म्हणत नाहीत. तसं समाज विविध, आणि त्यातली मळलेली वाट सोडून चालणारी व्यक्ती डायव्हर्जंट. मळलेल्या वाटेवरच्यांना न्यूरोटिपिकल म्हणतात. हा 'डायव्हर्जंट' शब्द २००० सालाच्या सुमारास कॅसियान असासुमासु या मिश्रवंशीय अमेरिकी कार्यकर्तीनं घडवला. तिच्या मनात फक्त स्वमग्न माणसं नव्हती. मिरगी येणारे, मानसिक आजार असणारे, ज्यांचा मेंदू चारचौघांसारखा चालत नाही असे सगळे तिला त्यात हवे होते. दार बंद करायला नव्हे, उघडायला तिनं तो केला. आज सर्रास वापरला जाणारा हा शब्द एका गोरेतर स्त्रीनं दिला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बाकीचे बरेचसे शब्द मात्र डॉक्टरांच्या टेबलावर जन्मले, आणि डॉक्टरांच्या समोर त्या वेळी कोण बसलं होतं याचा ठसा त्यांच्यावर राहिला. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात ११ मुलं होती, ८ मुलगे आणि ३ मुली. त्यांच्या वंशाचीही नोंद आहे: दोन ज्यू, बाकी सगळी अँग्लो-सॅक्सन. आईबाप बहुतेक नामवंत, उच्चशिक्षित. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी चार मुलांचं वर्णन केलं, चौघेही मुलगे. त्याआधी १९२० च्या दशकात ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी अशीच निरीक्षणं मांडली होती, मुलींबद्दल वेगळंही लिहिलं होतं. पण पश्चिमेत ते कित्येक दशकं विस्मरणात गेलं. त्यामुळे ऑटिझम म्हटलं की एका सुशिक्षित घरातला, अबोल, गणितात हुशार असा गोरा मुलगा डोळ्यांपुढे यायचा. एडीएचडी म्हटलं की वर्गात टुणटुण उड्या मारणारा मुलगा. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनं १९८० साली मान्य केलं की उड्या न मारताही लक्ष भरकटू शकतं. पण पुस्तिकेतलं वाक्य बदलणं सोपं, डोळ्यांपुढचं चित्र बदलणं अवघड. आपल्याकडेही २००७ साली 'तारे जमीं पर' आला आणि डिस्लेक्सिया घराघरांत पोचला, ते फार चांगलं झालं. पण तो ईशान होता, ईशा नव्हती.

चित्रात जो बसत नाही त्याचं काय होतं? २००२ साली फिलाडेल्फियातल्या सरकारी आरोग्य योजनेतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या मुलांना ऑटिझमचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी मिळालं होतं, काळ्या मुलांना ७.९ व्या वर्षी. २००७ सालच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की तज्ज्ञाच्या पहिल्याच भेटीत हे निदान मिळण्याची शक्यता काळ्या मुलांच्या बाबतीत २.६ पटींनी कमी होती. त्यांच्या कागदावर 'वर्तन बिघडलेलं' अशा अर्थाचे शेरे अधिक पडत. २०२० साली ५८४ काळ्या मुलांचा आणखी एक अभ्यास आला. आईबापांना पहिल्यांदा शंका आल्यापासून निदान हाती पडेपर्यंत सरासरी ४२.३ महिने गेले होते. म्हणजे आई सांगत होती, साडेतीन वर्षं सांगत होती. हा आकडा वाचताना मी थांबले. लहान मुलाची साडेतीन वर्षं म्हणजे बोलायला शिकण्याचं सगळं वय.

आता चित्र पालटतं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२५ सालच्या अहवालात, आठ वर्षांच्या दर हजार मुलांमागे ऑटिझमची नोंद गोऱ्यांत २७.७, काळ्यांत ३६.६, तर आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांत ३८.२ अशी आहे. गोरेतर मुलांची नोंद गोऱ्यांहून अधिक असल्याचं पहिल्यांदा दिसलं ते २०२३ च्या अहवालात. याचा अर्थ आजार एकाएकी रंग बदलून आला असा घेऊ नये. ज्यांच्याकडे पूर्वी कुणी बघत नव्हतं, त्यांच्याकडे बघायला सुरुवात झाली, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. पण मग सरळ हिशोब करा. आज ज्या काळ्या, तपकिरी स्त्रिया पस्तीस, चाळीस, पन्नाशीच्या आहेत, त्या लहानपणी कुठल्या आकड्यात होत्या? कुठल्याच नाही. त्यांना नाव मिळालं नाही. नावं मात्र भरपूर मिळाली.

किंबर्ले क्रेनशॉ या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली ही अडचण फार नेमकी मांडली. पाच काळ्या स्त्रिया एका मोटार कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. १९७६ सालचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. कंपनी बायकांना कामावर घेत होतीच. त्या गोऱ्या होत्या. काळ्यांनाही घेत होती. ते पुरुष होते. काळी बाई या दोन्हींच्या मधल्या फटीत पडली, आणि ती फट कायद्याला दिसली नाही. मेंदूच्या बाबतीतही असंच झालं. स्त्रियांच्या ऑटिझमवर अभ्यास झाले ते बहुतेक गोऱ्या स्त्रियांवर, आणि काळ्या मुलांबद्दल बोललं गेलं ते बहुतेक मुलग्यांबद्दल.

हे ध्यानात घेऊन आता रोजचे शब्द पाहू.

पहिला, मास्किंग. म्हणजे मुखवटा चढवणं. आपलं वेगळेपण दिसू नये म्हणून सतत सावध राहणं. समोरच्याच्या डोळ्यांत किती सेकंद बघायचं ते मोजणं, हसायच्या जागा पाठ करणं, मालिकेतल्या पात्रांसारखं बोलायला शिकणं. ब्रिटनमधल्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी हे मोजण्यासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली केली. त्यात याचे तीन भाग मानले आहेत: उणीव भरून काढणं, लपवणं आणि चारचौघांत मिसळल्याचं नाटक करणं. मुलींना लहानपणापासून 'शहाण्यासारखी वाग' सांगितलं जातं, म्हणून मुली यात तरबेज होतात आणि डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतात. याची किंमत मोठी आहे. २०१८ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात या मुखवट्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसून आला.

पण गोरेतर स्त्रियांना मुखवटा काही नवा नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा पॉल लॉरेन्स डनबर यानं मुखवट्यावरची आपली प्रसिद्ध कविता १८९५ सालीच छापली होती. काळ्या माणसानं गोऱ्यांसमोर वेगळा आवाज, वेगळी भाषा, वेगळं हसू काढायचं, याला तिकडे 'कोड स्विचिंग' म्हणतात. मूळ शब्द भाषाशास्त्रातला. मला तो समजवावा लागत नाही. मी घरी दख्खनी बोलत वाढले, गल्लीत गावरान मराठी आणि शाळेत पुस्तकी. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना जीभ बदलायची. त्यात मजाही असते आणि थकवाही. आता विचार करा, ऑफिसात बसलेली स्वमग्न काळी बाई एकाच वेळी दोन मुखवटे सांभाळते. एक वर्णाचा, एक मेंदूचा. संध्याकाळी घरी येऊन ती अंधारात दोन तास निपचित पडते, तेव्हा लोक म्हणतात, हिला एवढं काय झालं?

दुसरा शब्द, स्टिमिंग. शरीराची एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून स्वतःला शांत करणं. डुलणं, बोटं वाजवणं, ओढणीचं टोक पिळत राहणं. थोडंफार आपण सगळेच करतो. मदरशात आयती पाठ करणारी मुलं लयीत डुलतात. तिथं त्याला कुणी खोड म्हणत नाही. तीच मुलगी इंग्रजी शाळेत डुलली की 'नीट बस' ऐकते. हालचाल तीच, जागा बदलली की शेरा बदलतो.

तिसरा शब्द, मेल्टडाऊन. याचा आणि हट्टाचा फरक समजून घेतला पाहिजे. हट्टाला समोर माणूस लागतो, आणि हवी ती वस्तू मिळाली की हट्ट थांबतो. मेल्टडाऊन कुणाला दाखवण्यासाठी नसतो. आवाज, उजेड, गर्दी, ताण यांचा भार पेलवेनासा झाला की माणूस आतून कोसळतो. रडतो, ओरडतो, हातपाय झाडतो. कोसळणं आतल्या आत झालं आणि वाचाच बंद झाली, की तो शटडाऊन. नातीचा तो हाच.

आता हीच गोष्ट दोन मुलींच्या बाबतीत पाहा. २०१७ साली जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदा विभागानं ३२५ प्रौढांची मतं घेतली. त्यांना काळ्या मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा मोठ्या, जाणत्या वाटत होत्या. त्यांना माया कमी लागते, संरक्षण कमी लागतं, असं वाटत होतं. हे अगदी पाच वर्षांच्या मुलींपासून सुरू होत होतं. म्हणजे एक कोसळली तर 'बिचारी, घाबरली', आणि दुसरी कोसळली तर 'उद्धट, अंगावर येते'. पहिलीला डॉक्टर, दुसरीला शिक्षा.

मोठेपणी हा फरक जिवावर बेततो. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात डेबोरा डॅनर नावाच्या ६६ वर्षांच्या काळ्या बाई राहत. त्यांना स्किझोफ्रेनिया होता. असासुमासुच्या व्यापक अर्थानं त्याही न्यूरोडायव्हर्जंट. २०१२ साली त्यांनी आपल्या आजारावर एक निबंध लिहिला होता. पोलिसांना अशा माणसाशी कसं वागावं याचं शिक्षण नसतं आणि त्यात माणसं मरतात, ही भीती त्यांनी त्यात बोलून दाखवली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये शेजाऱ्यांच्या फोनवरून पोलीस त्यांच्या घरी आले, आणि एका सार्जंटच्या गोळीनं त्या त्यांच्याच घरात मरण पावल्या. त्यांच्या हातात बेसबॉलची बॅट होती, असं सार्जंटचं म्हणणं. २०१८ साली कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. आपल्यावर काय ओढवू शकतं हे या बाईनं चार वर्षं आधी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलं होतं. म्हणून मी म्हणते, हे शब्द केवळ शहरी लोकांचं फॅड नाही. समोरचा माणूस धोका आहे की अडचणीत आहे, हे दारात उभ्या असलेल्याला ओळखता येणं यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

चौथा शब्द जिभेला जड आहे, एक्झिक्युटिव्ह डिस्फंक्शन. मी त्याची फोड अशी करते: मजूर सगळे हजर आहेत, मुकादमच आलेला नाही. काम कळतं, करायची इच्छा आहे, वेळही आहे. पण सुरुवात कुठून करायची, आधी काय, मग काय, किती वेळ लागेल, हे ठरवणारा मेंदूतला मुकादम जागेवर नाही. बाहेरून दिसतो तो आळस.

माझी एक भाची लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. शाळेत पहिल्या पाचांत असायची. पण डबा विसरायची, छत्र्या हरवायची, परीक्षेच्या आदल्या रात्रीच अभ्यासाला बसायची. तिची आई, म्हणजे माझी बहीण, तिला 'धांदरट' म्हणायची. अमेरिकेत आणखी एक ओझं मिळालं. १९६६ साली विल्यम पीटर्सन या समाजशास्त्रज्ञानं जपानी अमेरिकनांचं कौतुक करणारा एक लेख लिहिला. 'आदर्श अल्पसंख्याक' ही कल्पना तिथून रुजली आणि पुढं चिनी, भारतीय सगळ्यांना चिकटली. भारतीय म्हणजे हुशार, नेटकी, कष्टाळू. अशा बाईला अडचण असेल, हे डॉक्टरच्याही डोक्यात येत नाही. भाचीच्या मुलाची एडीएचडीसाठी तपासणी झाली, तेव्हा प्रश्नावली भरता भरता तिच्या लक्षात आलं की आपण आपलीच उत्तरं लिहितो आहोत. अनेक आयांना हे असंच, मुलाच्या निमित्तानं कळतं. अडतिसाव्या वर्षी तिला डॉक्टरनं नाव सांगितलं. मला फोनवर म्हणाली, "खाला, हे मला आठवीत कुणी सांगितलं असतं, तर मी जन्मभर माफी मागत फिरले नसते." बहिणीनं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यात असलं काही नाही. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." बहीण तो शब्द आजही तोंडातून काढत नाही. पण हल्ली फोनवर लेकीला 'धांदरट'ही म्हणत नाही.

पाचवा शब्द सोपा आहे, चमचा. आपल्याकडे चमचा म्हटलं की पुढाऱ्याच्या मागं फिरणारा माणूस आठवतो. तिकडे एखादी म्हणते, "आज माझे चमचे संपले," तेव्हा तिची ताकद संपलेली असते. २००३ साली क्रिस्टीन मिझरँडिनो या ल्युपसच्या रुग्ण बाईंनी मैत्रिणीला आपला थकवा समजवायला टेबलावरचे चमचे उचलले. दिवसाला इतकेच चमचे. अंघोळीला एक, स्वयंपाकाला एक. ल्युपस हा आजार अमेरिकेत काळ्या, लॅटिन आणि आशियाई स्त्रियांत अधिक आढळतो. पुढं न्यूरोडायव्हर्जंट माणसांनीही हा शब्द उचलला. मला तो आवडतो, कारण तो स्वयंपाकघरातून आला. दवाखान्यातून नाही.

इथं थोडी सावधगिरीही सांगितली पाहिजे. शब्द कळला म्हणजे निदान झालं असं नाही. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य यांतही लक्ष उडतं, थकवा येतो. म्हणून जाणत्या डॉक्टरांना दाखवावंच. दुसरी गोष्ट, शब्द सगळ्यांना सारखा स्वस्त पडत नाही. अमेरिकेत प्रौढांची तपासणी महाग असते. मुलाचा ताबा जाईल का, नोकरीत बोट दाखवलं जाईल का, या भीतीनं अनेक गोरेतर स्त्रिया कागदावर नाव येऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत तर व्हिसा देताना मुलाच्या अपंगत्वाच्या खर्चाचा हिशोब मांडतात. म्हणून एखादी बाई कागदाशिवाय स्वतःला न्यूरोडायव्हर्जंट म्हणत असेल, तर लगेच तिला खोटं पाडू नये. आपल्याकडचंही सांगते. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. शाळेत सवलत मागायला जाणाऱ्या आईबापांनी हे माहीत करून घ्यावं.

शेवटी एक कल्पना सांगते. स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकानं, जो स्वतः स्वमग्न आहे, उलटा प्रश्न केला: आणि तुम्हाला त्याचं मन कळतं का? न कळणं दोन्ही बाजूंनी असेल, तर दोष एकाच्याच माथी का? याला 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' म्हणतात. पुढं २०२० साली संशोधकांनी कानगोष्टींसारखा एक प्रयोग केला. स्वमग्न माणसांच्या साखळीनं गोष्ट एकमेकांपर्यंत इतरांइतकीच नीट पोचवली. गोरेतर स्त्रियांना हा प्रश्न जुनाच वाटला असेल. बहुसंख्यांची भाषा, रीत, नजर आपण जन्मभर शिकायची आणि त्यांनी आपली शिकायची नाही, हा त्यांचा रोजचा अनुभव. अशा माणसांनी स्वतः लिहिलेल्या लेखनाचा 'ऑल द वेट ऑफ अवर ड्रीम्स' हा संग्रह २०१७ साली निघाला. स्वमग्न आणि गोरेतर, दोन्ही असणाऱ्यांचं ते पहिलं संकलन. लिडिया ब्राउन, ई. अश्केनाझी आणि मॉरेनिके गिवा ओनायवू यांनी ते संपादित केलं. आता हे शब्द ज्यांच्याबद्दल आहेत त्या बायकाच ते वापरत आहेत, तपासत आहेत, गरज पडली तर मोडून नवे करत आहेत.

आपल्या घरांतही अशी एखादी मुलगी असते. सगळे तिला वेंधळी, घुमी, आगाऊ, तुसडी म्हणतात. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाते. कुकरच्या शिट्टीला कानांवर हात ठेवते. एकच पुस्तक दहादा वाचते. तिला काही असेलच असं नाही. पण पुढचं विशेषण तिला चिकटवण्याआधी तिच्याजवळ बसून एवढं विचारावं: तुला नेमका कशाचा त्रास होतो? उत्तर लगेच येणार नाही. कदाचित तिच्याकडे त्यासाठी शब्दच नसतील. मग वर सांगितलेल्यांपैकी एखादा तिच्या उपयोगी पडतो का, ते दोघींनी मिळून बघावं.